पाऱ्याचं ‘विभाजन’ की ‘प्रभाजन’?

विचारणा अशी आहे : ‘सल्फाइड खनिजांतील पाऱ्याचे वस्तुमान-निरपेक्ष विभाजन’ असा शब्दप्रयोग एका मराठी लेखात आला. विभाजन म्हणजे फुटणं असेल, तर जमिनीखाली पाऱ्याचे अणू फुटतात का? आणि त्याच लेखात सिनॅबारला (पाऱ्याच्या लाल खनिजाला) ‘शेंदूर’ म्हटलं आहे, ते बरोबर आहे का?

अणू अजिबात फुटत नाहीत. पाऱ्याचे सात स्थिर समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे पण वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू, आहेत : १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ आणि २०४. त्यांत २०२चा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ३० टक्के; १९६चा जेमतेम ०.१५ टक्के. पाऱ्याची वाफ होते किंवा त्याची रासायनिक अभिक्रिया होते, तेव्हा हलके समस्थानिक किंचित पुढे सरकतात, जड मागे रेंगाळतात. अणू तेच राहतात, त्यांची वाटणी बदलते. तीही इतकी थोडी, की ती दर हजारी मोजावी लागते.

व्युत्पत्ती पाहिली तर ‘विभाजन’ चूक नाही. तो ‘भज्’पासून आला, आणि भज् म्हणजे वाटून देणं. मोडण्याचा अर्थ ‘भञ्ज्’चा, ज्यातून ‘भंजन’ आला. पण शब्द वाचकाच्या मनात व्युत्पत्तीनं नाही, वापरानं बसतो. पेशीविभाजन ऐकत मोठा झालेला वाचक अणूच्या शेजारी ‘विभाजन’ दिसलं की एकाचे दोन झाले असंच समजणार. म्हणून फ्रॅक्शनेशनसाठी, म्हणजे समस्थानिकांच्या या बदलत्या वाटणीसाठी, मी ‘प्रभाजन’ घेईन. संस्कृत धातू तोच, ‘भज्’, आणि खनिज तेलाच्या संदर्भात ‘प्रभाजी ऊर्ध्वपातन’ वाचलेल्याला तो परकाही वाटणार नाही.

‘वस्तुमान-निरपेक्ष’ मात्र ठेवावा, कारण त्याला ‘वस्तुमान-सापेक्ष’ हा जोडीदार आयता मिळतो. फक्त त्याचा अर्थ ‘वस्तुमानाचा काही परिणाम झाला नाही’ असा घ्यायचा नाही. वस्तुमानानं जेवढा फरक पडायला हवा, त्याहून वेगळा पडलेला भाग, एवढाच तो अर्थ. हिशेब १९८च्या तुलनेत करतात. एखाद्या खनिजात २०२चा फरक दर हजारी उणे १.०० आला, तर नुसत्या वस्तुमानाच्या नियमानं १९९चा फरक त्याच्या ०.२५२ पट, म्हणजे सुमारे उणे ०.२५ यायला हवा. प्रत्यक्षात उणे ०.०५ आला, तर उरलेला अधिक ०.२० हा वस्तुमान-निरपेक्ष भाग, म्हणजेच १९९चं ‘विचलन’.

या उरलेल्या आकड्यासाठीच खरं तर या शब्दाची इतकी काळजी घ्यायची. विषम क्रमांकाच्या १९९ आणि २०१ यांची अणुकेंद्रकं चुंबकीय असतात, समांची नसतात. समुद्राच्या पाण्यातल्या किंवा ढगातल्या थेंबांमधल्या पाऱ्यावर सूर्यप्रकाश पडून त्याचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट अभिक्रिया) होतं, तेव्हा हा चुंबकीय फरक अभिक्रियेच्या वेगात उतरतो आणि विषम समस्थानिक वेगळे वागतात. (अणुकेंद्रकाच्या आकारमानाचाही एक परिणाम असतो, पण तो लहान, १९९ आणि २०१ यांच्या विचलनांचं गुणोत्तर पाहून तो ओळखता येतो.) म्हणून सागरी गाळात हे विचलन बहुधा धन येतं, तर वनस्पती आणि मातीत बहुधा ऋण.

आता जमिनीखाली चला. खडकांमधून वर चढणाऱ्या जलतापीय द्रवावरचा, म्हणजे खोलवरच्या गरम, खनिजयुक्त पाण्यावरचा दाब कमी होतो, द्रव उकळतो, पाऱ्याची वाफ हलके समस्थानिक घेऊन निघते, मग कुठेतरी गंधकाशी संयोग होऊन सिनॅबार बनतं, किंवा स्फॅलेराइटमध्ये (जस्ताच्या सल्फाइड खनिजात) जस्ताच्या जागी थोडा पारा शिरतो. या साऱ्यात होणारं प्रभाजन जवळजवळ सगळं वस्तुमान-सापेक्ष. २०२चा आकडा वाटेत पुष्कळ हलतो. १९९चं विचलन जवळपास तसंच राहतं. त्यामुळे खोल शिरेतल्या सल्फाइडात ते शून्याहून स्पष्ट वेगळं आढळलं, तर त्यातल्या पाऱ्याचा काही भाग तरी कधीकाळी पृष्ठभागावर, उजेडात होता आणि गाळाच्या खडकांतून या द्रवात आला, असं म्हणता येतं. शून्य आलं तर मात्र घाई नको : पारा प्रावरणातून आलेला असू शकतो, किंवा धन आणि ऋण साठे मिसळून बेरीज शून्य झालेली असू शकते.

‘समस्थानिक’ शब्दाबद्दल तक्रार नाही. फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३मध्ये आयसोटोप हा शब्द वापरात आणला, तोच मुळी ‘समान स्थान’ अशा ग्रीक अर्थाचा. स्थान म्हणजे आवर्तसारणीतलं.

राहिला शेंदूर. ती चूक आहे आणि दुरुस्त करायलाच हवी. शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड. सिनॅबार म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, वजनानं सुमारे ८६ टक्के पारा. त्याला मराठीत ‘हिंगूळ’ हा जुना, नेमका शब्द आहे. गोंधळ बहुधा ‘रससिंदूर’मुळे होतो. ते पारा आणि गंधक यांपासून तयार केलेलं लाल सल्फाइड, म्हणजे रसायन हिंगुळाचंच, पण खाणीतलं नव्हे. स्पेनमधल्या अल्मादेन किंवा स्लोव्हेनियातल्या इद्रियाच्या पाऱ्याच्या खाणींबद्दल लिहिताना ‘हिंगूळ’च लिहावं.