गोकाकच्या पूर्वेला लहरींचा वेग पडतोय? आधी भूकंपमापक स्टेशनचं घड्याळ तपासा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण मी नेमका यातूनच गेलोय. अरबी समुद्राच्या नॉइजवरून (लाटांमुळे जमिनीत सतत होणारी बारीक कंपनं) रेले लहरींचा, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लहरींचा वेग काढलात, गोकाकच्या स्टेशनपासून पश्चिमेचे मार्ग जलद आले, पूर्वेचे मंद आले. तुमचे सर म्हणतात, पश्चिमेला डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे लाव्हाच्या थरांचा बसाल्ट आणि पूर्वेला कलादगीचे वालुकाश्म, म्हणून हा फरक.

डेटा मी पाहिलेला नाही, तेव्हा ठाम बोलत नाही. पण मला हे पटत नाही. 12 सेकंद आवर्तकाळाच्या लहरीची लांबी अडतीसेक किलोमीटर, म्हणजे ती मुख्यतः 12-13 किलोमीटर खोलीचं सांगते. कोयनेच्या बोअरहोलमध्येसुद्धा 930 मीटरच्या आसपास ट्रॅप संपून ग्रॅनाइट लागला, आणि गोकाकला तर ट्रॅपची कडच आहे. कलादगीचे थर वेग थोडा कमी करतील, मान्य. पण बदल बरोबर तुमच्या स्टेशनपाशीच का व्हावा?

घड्याळ मागे पडलं असेल तर असंच दिसतं. नॉइज पश्चिमेकडून येतो. रत्नागिरीहून निघालेली लहर गोकाकला लवकर पोचल्याची नोंद होते, म्हणून तो मार्ग जलद. तीच लहर गोकाकहून रायचूरकडे जाताना लवकर निघाल्याची नोंद होते, म्हणून तो मार्ग मंद. रत्नागिरी-गोकाक सरळ रेषेत साधारण 185 किलोमीटर, सेकंदाला 3.2 किलोमीटरच्या वेगाने 58 सेकंद. त्यात 1 सेकंद चुकला की पावणेदोन टक्के गेले. नकाशावर तुम्ही रंगवताय ते फरक तरी याहून कितीसे मोठे असतात?

माझ्या वेळी स्टेशन सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे जीपीएस लॉकची, म्हणजे घड्याळ जीपीएसच्या वेळेशी जुळलेलं होतं का याची नोंदवही मागितली. "डेटा दिलाय ना, लॉग कशाला?" एवढंच उत्तर. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर. एकाने सही केली तर दुसरा रजेवर. शेवटी तिथल्या तंत्रज्ञानेच चहा पिताना सांगितलं: अँटेनाची केबल उंदरांनी कुरतडली होती, अख्खा पावसाळा यंत्र आतल्या घड्याळावर चाललं. कागदावर मात्र "कार्यरत". हे त्यांना ठाऊक होतं याचा राग अजून जात नाही. आमच्या गटाच्या एका विद्यार्थिनीचं वर्ष त्यात गेलं.

तेव्हा लॉगची वाट बघत बसू नका. त्या स्टेशनच्या जोड्यांचं क्रॉस-कोरिलेशन (दोन स्टेशनच्या नोंदी जुळवून लहरीला लागलेला वेळ काढणं) महिन्यामहिन्याने वेगळं काढा आणि एकावर एक ठेवा. आलेखातल्या शून्याच्या दोन्ही बाजूंची शिखरं (एक जाणाऱ्या लहरीचं, एक येणाऱ्या) मिळून एकाच दिशेला सरकत असतील तर दोष घड्याळाचा. खडकाचा वेग बदलला तर ती एकमेकांपासून लांब किंवा जवळ जातील, आणि जानेवारी ते जुलै खडक काही बदलत नाही. पावसाळ्यात नॉइजची दिशा बदलते, त्यानेही थोडं सरकतं, म्हणून एकाच जोडीवर निकाल लावू नका. सगळ्या जोड्यांत तेवढंच सरकलं तर मग शंका नको. तेवढं सरकवून दुरुस्त करा, नाहीतर ते महिने सरळ टाकून द्या.

अर्ज करायचाच असेल तर कन्नडमध्ये लिहून घ्या, निदान पहिल्या टेबलावर अडत नाही. आणि लव्ह लहरी (जमीन आडवी हलवणाऱ्या) काढणार असाल तर काळ्या मातीतल्या स्टेशनचे आडवे घटक, म्हणजे आडव्या हालचालीच्या नोंदी, पावसाळ्यात जपून वापरा. माती फुगते, यंत्र कलतं. उसाच्या ट्रकांची भीती मात्र नको, तो आवाज तुमच्या आवर्तकाळाच्या पट्ट्यात येतच नाही.

जानेवारी आणि जुलैचे आलेख इथे टाका, रात्री बघून सांगतो.