सिंहस्थाची कथा आणि अमृताचे थेंब

प्रश्न : माझी आजी साखळीहून नाशिकच्या सिंहस्थाला जाऊन आली होती. तिने आणलेला, लाखेने तोंड बंद केलेला गंगेचा गडू अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. ती गौतम ऋषींची आणि गाईची कथा सांगायची. आता मात्र सगळीकडे अमृतकुंभाचे चार थेंब हीच कथा ऐकू येते. मग आजीची कथा चुकीची होती का? आणि आपल्या नार्व्याच्या अष्टमीच्या स्नानाचा या पर्वाशी काही संबंध आहे का?
(एक वाचक, साखळी, गोवा)

उत्तर : तुमच्या आजीची कथा चुकीची तर नाहीच, उलट गोदावरीच्या काठची मूळची कथा तीच आहे, आणि ती मागे पडत चालली आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात ती सविस्तर येते. शिवाच्या जटेत बसलेली गंगा पार्वतीला सवतीसारखी सलत होती, म्हणून आईचे मन जाणून गणपतीने युक्ती योजली. पार्वतीची सखी जया गाय होऊन गौतमांच्या शेतात शिरली, गौतमांनी तिला दर्भाच्या काडीने हाकलले आणि ती गतप्राण होऊन पडली. गोहत्येच्या पातकातून सुटण्यासाठी गौतमांनी शिवाची आराधना केली आणि गंगा ब्रह्मगिरीवर उतरली. म्हणूनच गोदावरीला गौतमी म्हणतात आणि नाशिककर आजही तिला नुसते ‘गंगा’ म्हणतात. आजीने आणलेला गडू ‘गंगेचा’ ठरतो तो याच नात्याने. पुढे त्र्यंबकला ती पुन्हा पुन्हा गुप्त होऊ लागली, तेव्हा गौतमांनी दर्भ म्हणजेच कुश टाकून तिला अडवले, ते कुशावर्त.

मग बारा वर्षांचा नेम कुठून आला? शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत याचे उत्तर आहे. तिथे गंगा गौतमांजवळ राहायला कबूल होते आणि गुरू सिंह राशीत येईल तेव्हा आम्ही सगळे इथे येऊ, असे वचन देव तिला देतात. ‘सिंहस्थ’ हे नाव त्यावरूनच पडले, आणि गुरू सिंहेत असताना गोदावरीत केलेले एक स्नान भागीरथीत साठ हजार वर्षे केलेल्या स्नानाइतके फलदायी, हा प्रसिद्ध श्लोकही याच समजुतीतला आहे. या कथेत अमृत नाही आणि कुंभही नाही.

आता अमृताची कथा. समुद्रमंथन महाभारताच्या आदिपर्वात आहे, विष्णुपुराणात आहे, भागवताच्या आठव्या स्कंधात आहे. धन्वंतरी कलश घेऊन वर येतो, असुर तो बळकावतात आणि शेवटी अमृत देवांच्या वाट्याला येते, इथपर्यंत सर्वत्र साधारण सारखेच. परंतु इंद्रपुत्र जयंत कुंभ घेऊन पळाला, बारा दिव्य दिवस, म्हणजे माणसांची बारा वर्षे, झटापट चालली आणि हरिद्वार, प्रयाग, उज्जैन व नाशिक येथे थेंब सांडले, हा भाग या तिन्ही ग्रंथांत नाही. त्यासाठी स्कंदपुराणाच्या नावावर जे श्लोक सांगितले जातात, तेही अभ्यासकांना त्या पुराणाच्या छापील प्रतींत आढळलेले नाहीत. असे असूनही ही कथा निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही, कारण चार दूरदूरच्या क्षेत्रांना तिने एका सूत्रात ओवले. ‘कुंभ’ हे नाव मात्र माझ्या मते मुळात हरिद्वारचे असावे, कारण गुरू कुंभ राशीत असण्याची अट फक्त तिथे आहे.

बारा वर्षांचे गणितही दिव्य दिवसांपेक्षा गुरूच्या गतीवर चालते. गुरूला राशिचक्र पुरे करायला सुमारे 11.86 वर्षे लागतात, त्यामुळे मधूनच एखादे पर्व वर्षभर आधी येते. हरिद्वारला 2010 नंतरचा कुंभ 2022 ऐवजी 2021 मध्ये झाला तो त्यामुळेच. सिंहेनंतर गुरू कन्येत गेला की गंगा कृष्णेच्या भेटीला येते असे मानतात. नाशिकचा सिंहस्थ 2015 मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी कन्यागताचे पर्व आले. कृष्णेकाठच्या नरसोबाच्या वाडीला नेमाने जाणाऱ्या गोव्यातल्या दत्तभक्तांना हे सांगायला नकोच.

नार्व्याचे स्नान गुरूवर अवलंबून नाही. तिथल्या पंचगंगा तीर्थावरचे ते पर्व दरवर्षी गोकुळाष्टमीला येते, त्यामुळे त्याला कुंभाची शाखा म्हणणे बरोबर होणार नाही. नार्व्याच्या सप्तकोटेश्वर महादेवाच्या स्थानकथेत सप्तर्षींचे तप आहे. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये ज्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली, त्या देवाचे मूळ स्थान पलीकडच्या दिवाडी बेटावर होते. तरीही एक धागा मला नेहमी दिसतो. आदिपर्वात गरुड अमृताचा कलश दर्भावर ठेवतो, इंद्र तो परत नेतो, सर्प नुसता दर्भच चाटतात, त्यांच्या जिभा चिरतात आणि अमृताच्या स्पर्शाने दर्भ पवित्र होतो. गाय निमित्तमात्र पडली ती दर्भाने, गंगा अडली तीही दर्भानेच, आणि नदीकाठी तर्पणाला बसणाऱ्याच्या अनामिकेत पवित्रक म्हणजे अंगठी असते तीही दर्भाचीच.

पुढचा सिंहस्थ 2026-27 मध्ये आहे. जाणार असाल तर नाशिकच्या रामकुंडावरूनच मागे फिरू नका. त्र्यंबकला कुशावर्ताच्या पायरीवर थोडा वेळ बसा आणि बरोबरच्या मुलांना आजीची कथा तिथेच सांगा.