मुंबईत एकट्यानं: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही मुंबईत एकट्यानं येण्या-फिरण्याबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत आहे, की मुंबई सुरक्षित आहे का? याला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. रात्री अकरालाही इथल्या स्टेशनांवर माणसांची वर्दळ असते. वर्दळीत कुणी सहसा अंगावर येत नाही, पण खिशात हात मात्र जातो. खरी अडचण होते ती गाडीतून उतरल्यावरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आणि स्टेशनपासून मुक्कामापर्यंतच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात. म्हणून उत्तरंही तिथेच जास्त रेंगाळली आहेत.

माझी मुलगी २३ वर्षांची आहे. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सकाळी दहाला तिची मुलाखत आहे. लातूरहून ट्रॅव्हल्सनं एकटी येणार. गाडी पहाटे साडेचारला सायनला सोडते म्हणतात. तिथून पुढे तिनं काय करावं? – एक आई, लातूर

ताई, याचं निम्मं उत्तर तिकीट काढतानाच ठरतं. ‘सायन’ म्हणजे नेमकं कुठे, हे आधी विचारा. ट्रॅव्हल्सची गाडी बऱ्याचदा हायवेच्या कडेला, पुलाच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबते. क्लीनर डिकीतून बॅगा काढून देतो आणि गाडी निघून जाते. झोपेतून उठलेलं माणूस चष्मा शोधत असतं, तोवर कुणी तरी बॅग उचलून आपल्या रिक्षाकडे चालू लागलेलं असतं. तिकिटावर उतरण्याच्या जागांची यादी असते. त्यातली दुकानं, हॉटेलं असलेली उजेडाची जागा निवडा. मुलीला उतरण्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावायला सांगा.

दुसरा प्रश्न, साडेचारला उतरून जायचं कुठे? थेट बीकेसीला नको. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण पहाटे ते सगळं ऑफिसांचं गाव बंद असतं आणि बसायला टपरीही मिळत नाही. बसनं आलेल्याला रेल्वेच्या प्रतीक्षालयात हक्कानं बसता येत नाही. म्हणून आमचा सरळ सल्ला असा, की लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) पाठवा. रेल्वेचं तिकीट असलं की बायकांच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन, कपडे बदलून बसता येतं. तिकिटावरच्या पीएनआर नंबरावर रेल्वेच्या आयआरसीटीसी साइटवरून रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरीतली खाटही आधी राखता येते. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे. झोपण्यापुरती बंद कप्प्यासारखी जागा मिळते, बायकांसाठी पॉड वेगळे आहेत.

बसनंच यायचं असेल तर सकाळी सहानंतर पोचणारी गाडी पाहा. तेही जमत नसेल तर ॲपवरची टॅक्सी बसमधूनच, उतरण्याच्या दहा मिनिटं आधी मागवावी. आधी नंबरप्लेट जुळवायची, मग चालकालाच विचारायचं, “कुणाच्या नावाची गाडी आहे?” आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही. ॲपवर आलेला पिन सांगायचा तो आत बसल्यावर.

रस्त्यावरची गाडी घेताना एक हद्द माहीत हवी. रिक्षा उपनगरातच चालतात. पूर्वेला सायन आणि पश्चिमेला वांद्रे ओलांडून दक्षिणेकडे त्यांना परवानगी नाही. सायनहून बीकेसी किंवा कुर्ल्याला रिक्षा जाईल, दादर किंवा सीएसएमटीला काळी-पिवळी टॅक्सीच लागेल. ‘सीएसएमटीला सोडतो’ म्हणणारा रिक्षावाला मध्येच कुठे तरी उतरवणार, हे धरून चाला. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचं भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ रुपये आहे. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं लागतं आणि ते कायदेशीर आहे, त्यावरून वाद घालू नका. पण “मीटर टाका” म्हटल्यावर तो आढेवेढे घेऊ लागला, की दुसरी गाडी बघावी.

गाडीत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवायचा, आणि हे चालकाला दिसेल असं करायचं. व्हॉट्सॲपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन सुरू करून ठेवायचं. एवढं केल्यावर, ताई, तुम्ही दर दहा मिनिटांनी फोन करू नका. रस्त्याच्या कडेला फोन कानाला लावून उभी असलेली, एका हातात बॅग धरलेली मुलगी कुणाच्याही नजरेत येते.

बीकेसीचा पत्ता ब्लॉकच्या अक्षरासकट, इमारतीच्या नावासकट कागदावर लिहून द्या. नुसत्या ‘बीकेसी’वर दोन-दोन किलोमीटरची चूक होते. आठनंतर वांद्रे पूर्व आणि कुर्ला पश्चिम स्टेशनाबाहेर बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग लागते, ती स्वस्त आणि बिनघोर.

मी ४८ वर्षांची. दादरहून ठाण्याला बहिणीकडे पहिल्यांदाच एकटी लोकलनं जायचंय. चढता-उतरता येईल का, याचीच धास्ती आहे. – एक वाचक, सांगली

धास्ती रास्त आहे, कारण लोकलमध्ये जिवाला धोका चोरापेक्षा घाईचा जास्त.

वेळ निवडणं आपल्या हातात आहे. सकाळी आठ ते अकरा गर्दी सीएसएमटी-चर्चगेटकडे जाते, संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट. सांगलीहून सकाळी दादरला उतरून ठाण्याकडे निघालात तर तुम्ही गर्दीच्या उलट दिशेनं जाल, डब्यात बसायलाही मिळेल. संध्याकाळी सातला मात्र बॅग घेऊन दादरला चढायचा विचारही करू नका.

दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये तिथले नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे प्लॅटफॉर्म १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८ पासून सुरू होतात. नातेवाइकांनी जुन्या सवयीनं ‘एक नंबरवर ये’ सांगितलं आणि तुम्ही तिथे गेलात, तर ठाण्याऐवजी पश्चिम रेल्वेची गाडी समोर येईल. ठाणं मध्य रेल्वेवर, म्हणजे तुमचा नंबर ८ किंवा त्यापुढचा.

इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं, तुमच्या नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, कर्जत, कसारा यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी गाडी ठाण्यावरूनच जाते. शेजारी ‘एफ’ असेल तर जलद, ‘एस’ असेल तर धीमी. पहिल्या खेपेला धीमी घ्या, वीसेक मिनिटं जास्त लागली तर लागू देत. प्रत्येक स्टेशनाची पाटी दिसते, मोजता येतं आणि चुकलं तर पुढच्या स्टेशनावर उतरून परत येता येतं.

तिकीट खिडकीवरून काढा. मोबाइलवर रेल्वेच्या ‘रेलवन’ ॲपमधून मिळतं, पण बऱ्याच जणांचा घोटाळा होतो तो असा: प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर ते ॲप उघडतात आणि तिकीट निघतच नाही. रुळांच्या जवळ असताना ते अडवलेलं असतं. स्टेशनाबाहेरच काढायचं. फोनची बॅटरी संपली तर दाखवायला तिकीट नाही, आणि टीसीनं धरलं तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड.

बायकांचा डबा कुठे येतो याची पाटी प्लॅटफॉर्मवर डोक्यावर असते. तिच्याखाली आधीच उभं राहा. गाडी लागल्यावर धावत शोधत गेलात की पडणं ठरलेलं. बॅग पाठीवर नको, छातीशी घ्या. पाठीवरच्या बॅगची चेन कधी उघडली ते मुंबईकरालाही कळत नाही.

उतरण्यासाठी मुलुंड गेलं की उठा आणि पुढच्या बाईला विचारा, “ठाण्याला उतरणार ना? कुठल्या बाजूला येतं?” ती नाही म्हणाली तर “मग मला पुढे जाऊ द्या” म्हणायचं. यात संकोच नको, इथे हे कुणाला उद्धट वाटत नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टाकू नका, शेजारची कॉलेजातली मुलगी चालत्या गाडीतून उतरली तरीही. स्टेशन चुकलं तर चुकू द्या, पुढचं कळवा आहे, तिथून परत फिरा.

रात्री उशिराचा प्रवास असेल तर बायकांच्या डब्यात पोलीस किंवा होमगार्ड बसलेला दिसतो. तो नसेल आणि डबा रिकामा असेल तर त्या डब्यात चढू नका, चार माणसं असलेल्या साध्या डब्यात बसा. ‘लेडीज’ ही पाटी रिकाम्या डब्यात काही करत नाही. पुरुष त्या डब्यात शिरला तर रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली तो गुन्हा आहे. अशा वेळी १३९ या रेल्वेच्या हेल्पलाइनला फोन करा. साधारण रात्री एक ते पहाटे चार लोकल बंद असतात, शेवटच्या गाडीच्या भरवशावर कार्यक्रम आखू नका.

लोकलच्या दारात फोनवर बोलताना रुळांजवळून हातावर काठीचा फटका बसतो, असं ऐकलं. खरं का? आणि फोन गेलाच तर आधी काय करायचं? – एक वाचक, कोल्हापूर

खरं आहे. ‘फटका गँग’ हे नावच त्यावरून पडलं. सिग्नलपाशी किंवा वळणावर गाडी मंदावते, खाली उभा असलेला काठी मारतो, फोन रुळांवर पडतो आणि तो उचलून झोपडपट्टीत पसार. फोनमागे उडी मारणाऱ्यांनी पाय आणि जीव गमावले आहेत. दारात फोन काढायचाच नाही, खिडकीशी बसलात तरी जाळीबाहेर हात नको.

गेल्यानंतरचा क्रम महत्त्वाचा. लोक आधी पोलीस चौकी शोधतात आणि तेवढ्यात खात्यातले पैसे जातात. आधी कुणाचा तरी फोन मागून सिम बंद करा, कारण ओटीपी सिमवर येतात. मग बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मग दुसऱ्या फोनवरून गुगल किंवा ॲपलच्या खात्यात जाऊन फोन लॉक करा. पोलीस त्यानंतर.

गाडीत किंवा स्टेशनात चोरी झाली तर तक्रार रेल्वे पोलिसांकडे, रस्त्यावर झाली तर शहर पोलिसांकडे. ‘ही आमची हद्द नाही’ असं उत्तर मिळालं तर झिरो एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. कागदावर ‘गहाळ’ लिहिलंय की ‘चोरीस गेला’, हे सही करण्याआधी वाचा. गहाळ म्हणजे फोन तुमच्याच हातून हरवला, त्यात चोराचा शोध नसतो.

तक्रारीची प्रत आणि त्याच नंबराचं नवं सिम हाती आलं की ‘संचार साथी’ या सरकारी साइटवर, सीईआयआर या विभागात फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख नंबर, ब्लॉक करता येतो. हा पंधरा आकडी नंबर आज, आत्ता, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून वहीत लिहा. सिमला पिनही लावा, म्हणजे चोरानं सिम दुसऱ्या फोनात घातलं तरी चालत नाही. पिन तीनदा चुकला तर सिम उघडायला कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो, म्हणून पिन जपून ठेवा. आणि घरच्यांचे दोन नंबर पाकिटात चिठ्ठीवर असू द्या, आता कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसतो.

एकट्या बाईला लॉजवर खोली नाकारतात का? आधारची झेरॉक्स द्यावी का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाकारणारे आहेत. तसा कायदा कुठलाही नाही, पण रात्री दहाला काउंटरवर कायदा सांगत उभं राहण्यात हशील नाही. ॲपवर बुकिंग झालं तरी लॉजला स्वतः फोन करा. “मी एकटीच आहे, पत्ता मुंबईबाहेरचा आहे” असं स्पष्ट सांगा आणि होकार मेसेजवर घ्या. वायडब्ल्यूसीए या महिला संस्थेची बायकांसाठी राहण्याची सोय मुंबईत आहे, पण खोल्या लवकर भरतात.

आधारची मास्क्ड प्रत द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ती काढता येते, तिच्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. प्रतीवर तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं आडवं लिहा.

खोलीत शिरल्यावर सामान टेकवायच्या आधी आतली कडी लावून दार ओढून पाहा. नुसतं कुलूप पुरत नाही, त्याची दुसरी किल्ली खाली असते. कडी ढिली असेल तर खोली बदलून मागा. स्टेशन ते लॉज हे अंतर दिवसाउजेडी एकदा चालून बघा. रात्री नकाशा उघडून रस्त्यात थांबण्यापेक्षा ते बरं.

गावाकडच्या एकाला दादरला ‘पोलीस’ भेटले, अंगठी कागदात बांधून ठेवा म्हणाले. घरी पुडी उघडली तर खडा! हे ओळखायचं कसं? – एक वाचक, रत्नागिरी

साध्या वेशातला कुणीही ‘पुढे दंगल झालीय, सोनं काढा’ म्हणाला की तो तोतया. पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाहीत आणि पुडी तर बांधून देतच नाहीत. हात खिशात ठेवा, जवळच्या दुकानात शिरा आणि तिथून ११२ लावा. तो खरा असेल तर दुकानातही येऊन ओळखपत्र दाखवेल.

जुलैत एकट्यानं यायचं आहे. पाणी तुंबलं तर? – एक वाचक, नाशिक

भरतीची वेळ आणि उंची आदल्या दिवशी बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे हे भाग आधी तुंबतात. लोकल बंद पडली आणि तुम्ही स्टेशनात असाल तर तिथेच थांबा, रुळांवरून चालू नका. रस्त्यावर असाल तर गुडघ्यापेक्षा वर पाण्यात पाय घालू नका, खाली मॅनहोल उघडं असू शकतं आणि ते वरून दिसत नाही. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर १९१६. पावसात ॲपची टॅक्सी मिळत नाही, मिळाली तर जास्त भाडं सांगते. म्हणून परतीच्या दिवशी मुक्काम टर्मिनसपासून चालत जाता येईल इतका जवळ घ्या.