विभागप्रमुखांविरुद्ध तक्रार : उशीर झालाय, पण मुदत संपलेली नाही

प्रश्न : मी एका विद्यापीठात तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक आहे. विभागप्रमुख रात्री उशिरा माझ्या दिसण्याबद्दल मेसेज पाठवायचे. चार महिन्यांपूर्वी केबिनमध्ये बोलावून त्यांनी माझा हात धरला आणि ‘पुढच्या वर्षीची नेमणूक माझ्या हातात आहे, विसरू नका’ असं म्हणाले. मी तडक बाहेर पडले. मेसेज थांबले, पण माझ्या तासिका निम्म्यावर आल्या. कुलसचिवांना मेल केला, तर ‘विभागातच बोलून मिटवा’ असं उत्तर आलं. तक्रारीची तीन महिन्यांची मुदत उलटली असं सहकारी सांगतात आणि माझी नेमणूक पुढच्या महिन्यात संपतेय. मी कायम नोकरीत नाही. तक्रार करता येईल का?

उत्तर : येईल. आणि ती याच आठवड्यात करा.

2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात हंगामी, कंत्राटी, रोजंदारीवरचे सगळेच येतात. त्यामुळे ‘मी कायम नाही’ ही शंका सोडून द्या. खरी अडचण मुदतीची आहे.

कलम 9 प्रमाणे शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते. मात्र तक्रार वेळेत न करण्यामागे तशीच परिस्थिती होती अशी विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीची (अशा तक्रारींची चौकशी करणारी समिती) खात्री पटली, तर ती कारणं लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तुम्ही त्या वाढीव काळात आहात. ही सवलत आपोआप मिळत नाही, म्हणून अर्जात उशिराच्या कारणांचा स्वतंत्र परिच्छेद लिहा. कुलसचिवांना केलेला मेल आणि त्यांचं उत्तर जोडा. तुम्ही गप्प बसला नव्हता, दाद मागितली तेव्हा तुम्हाला परत त्याच विभागात पाठवलं गेलं, हे त्यातून दिसेल. नेमणूक जाण्याची भीती हेही खरंखुरं कारण आहे. ते लिहायला संकोचू नका.

तासिका नंतर कापल्या, तेव्हा मुदत तिथून मोजू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये नंतरच्या प्रशासकीय कारवाया मूळ छळाचा भाग मानल्या नाहीत आणि तक्रार मुदतबाह्यच ठरवली. निकालाचा उल्लेख कुलगुरूंच्या बायोडेटात करायला लावला, पण चौकशी काही झाली नाही. म्हणून केबिनमधला प्रसंग हाच तक्रारीचा कणा ठेवा. नेमणुकीबद्दलचं त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहा. नोकरीवर परिणाम होईल अशी गर्भित धमकी कलम 3 मध्ये स्पष्ट येते, आणि तासिका कापणं त्या धमकीला जोडूनच मांडा.

अर्ज अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांना द्या. कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून सहा प्रती द्यायच्या आणि पोच घ्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसं या समितीवर बसू शकत नाहीत. बाहेरचा एक सदस्य हवाच आणि किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात. रचनेत गडबड दिसली तर पहिल्याच बैठकीआधी लेखी हरकत घ्या.

त्याच अर्जात अंतरिम दिलासाही मागा. चौकशी चालू असेपर्यंत विभागप्रमुखांनी तुमच्या कामाचं मूल्यमापन करू नये, तुमच्याबद्दल अहवाल लिहू नये, अशी शिफारस समिती करू शकते. पुढच्या नेमणुकीच्या निवड प्रक्रियेतून त्यांना दूर ठेवण्याची मागणीही स्पष्ट शब्दांत करा. नेमणूक चालू असतानाच हे मागण्यात अर्थ आहे. घाई करा म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

‘मिटवा’ हा सल्ला मला फार खटकला. समेट फक्त पीडित स्त्रीने मागितला तरच होतो, तोही पैशांच्या देवाणघेवाणीवर नाही. कुलसचिवांना तो सुचवण्याचा कसलाही अधिकार नव्हता. शिवाय समेट झाला की पुढे चौकशी होत नाही. तेव्हा दडपणाखाली कशावरही सही करू नका.

मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. त्या दिवशी केबिनमधून बाहेर आल्यावर कुणाला काही सांगितलं असेल, तर ती व्यक्ती महत्त्वाची साक्षीदार आहे. प्रसंगाला प्रत्यक्षदर्शी नाही म्हणून घाबरू नका. असे प्रसंग बंद दाराआडच घडतात. आणि तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे कलम 14 मध्येच लिहिलेलं आहे.

चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. पण विभागप्रमुखांनी उत्तरासाठी किंवा उलटतपासणीसाठी रास्त वेळ मागितला तर चिडू नका. गोवा विद्यापीठातल्या 2009 च्या तक्रारींवरून झालेली एका प्राध्यापकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केली, कारण समितीने चौकशी घाईघाईत उरकली होती. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. एवढ्या वर्षांनी तक्रारदार मुलींना पुन्हा तेच सगळं! नियमाप्रमाणे झालेली चौकशी तुमच्याच फायद्याची.

पोलिसांत जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाचं कलम 75 आहे, आणि समितीकडे तक्रार केल्याने तो मार्ग बंद होत नाही. तक्रार नोंदवायला मदत करणं विद्यापीठावर कायद्याने बंधनकारक आहे.

समितीने मुदतीचं कारण देऊन अर्ज नाकारला, तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. कारणांसह लेखी आदेश मागा. त्याविरुद्ध दाद मागता येते, पण तो कागद हातात असला तरच.