घर बदलताय? यंत्राच्या पोटात काय लोंबतंय ते आधी बघा

सामानाच्या बांधाबांधीवर प्रश्न पाठवा असं मी मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्यांहून जास्त पत्रांत एकच चौकशी: बबल रॅप किती घ्यायचा? हवा तेवढा घ्या. पण २३ वर्षं मी दुरुस्तीच्या टेबलाशी बसते आहे, आणि घर बदलल्यावर माझ्याकडे येणारी बहुतेक यंत्रं बाहेरून अगदी चकचकीत असतात. बबल रॅप कातडी वाचवतो. आत काय लोंबकळतं, काय वाहतं, काय तरंगतं हे त्याला कुठून कळणार?

ताई, आम्ही महिन्यापूर्वी घर बदललं. समोरून दार असलेलं वॉशिंग मशीन तीन पदरी गुंडाळून आणलं, साधा ओरखडाही नाही. पण आता कपडे पिळताना ते धडधडत खोलीभर चालतं. नवीनच घ्यावं का?

थांबा. आधी मशीनची पाठ बघा. मशीन नवीन आलं तेव्हा मागे तीन किंवा चार लांब बोल्ट होते, ते लावणाऱ्या माणसाने काढून तुमच्या हातात दिले असतील. त्यांना ट्रान्झिट बोल्ट म्हणतात. या मशीनचा टब पेटीला घट्ट बसवलेला नसतो. वरून तो स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खालून दोन-तीन डॅम्पर, म्हणजे हादरे शोषणारे दांडे, त्याला आवरतात, आणि पिळताना तो उधळू नये म्हणून त्याला काँक्रीटचा जड ठोकळाही जोडलेला असतो. एका जागी उभं असताना ही रचना फार सुरेख चालते. गाडीत मात्र प्रत्येक खड्ड्याला ते सगळं वजन झोके खातं. स्प्रिंग आकड्यातून निसटते, डॅम्पर उखडतो, कधी टब आतल्या वायरींवर आपटतो. ते बोल्ट टबाला पेटीशी जखडून ठेवतात, म्हणजे झोकाच बसत नाही.

तुमच्या बाबतीत दोन शक्यता. बोल्ट न लावताच मशीन आणलं असेल तर आत काहीतरी निसटलं आहे. पाठ किंवा वरचं झाकण उघडून जाणकाराने बघावं, स्प्रिंग किंवा डॅम्पर बदलला की बहुधा काम होतं. दुसरी शक्यता मला जास्त आवडते, कारण तिला पैसे लागत नाहीत: सामान हलवणाऱ्या एखाद्या शहाण्या माणसाने बोल्ट लावले आणि काढायचे राहिले. जखडलेल्या टबाने कपडे पिळले तर मशीन अंगात आल्यासारखं नाचतं. बोल्ट दिसले तर आधी ते काढा, चारही पाय जमिनीला टेकतात का बघा, आणि मगच मेकॅनिकला फोन करा.

बोल्ट फेकले असतील तर लाजू नका, मीही फेकले होते. खोक्याबरोबर गेले. मशीनचा मॉडेल क्रमांक सांगितला तर सुटे बोल्ट मागवता येतात. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता म्हणून वरचं झाकण काढून टब आणि पेटी यांच्यामध्ये चारी बाजूंनी जुन्या चादरींच्या घड्या ठासल्या. निभावलं. पण त्या गडबडीत खालच्या फिल्टरमधलं पाणी काढायला विसरले. नळ बंद, पाइप सोडवलेले, म्हणून मशीन कोरडं झालं असं मी धरून चालले. पंपात आणि फिल्टरपाशी पाणी उरतंच. जिन्यात मशीन कललं आणि ते सगळं माझ्या पायावर आलं. कंट्रोल बोर्डवर गेलं नाही हे नशीब. तेव्हा पसरट ताट आणि फडकं घ्या, फिल्टर हळूहळू फिरवा, आणि मागची पाण्याची नळी खाली वाकवून तीही रिकामी करा.

वरून झाकण असलेल्या मशीनला असे बोल्ट बहुधा नसतात. तिथे टब दांड्यांवर टांगलेला असतो आणि कंपनी त्यावर फोमचा ठोकळा घालून पाठवते. तो जपून ठेवला नसेल तर उशा आणि चादरी भरून टब हलणार नाही असं करा.

आमचा फ्रिज गाडीत आडवा घालून आणला, दोनेक तासांचा प्रवास होता. लगेच सुरू करू नका असं सगळे म्हणतात. पण कुणी चार तास सांगतं, कुणी पूर्ण दिवस. खरं काय?

कारण कळलं की आकड्यावर वाद राहत नाही. फ्रिजच्या मागे खाली ते काळं भांडं असतं, कॉम्प्रेसर, त्याच्या तळाशी तेल असतं. फ्रिज आडवा केला की ते तेल नळ्यांमध्ये वाहत जातं. तशा अवस्थेत बटण दाबलंत तर कॉम्प्रेसर कोरडा घासतो, आणि तेल बारीक नळीत अडकलं तर गॅस फिरत नाही, फ्रिज नुसता घुमतो. उभा ठेवला की तेल आपलं आपण परत येतं. जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवावा हा जुना हिशोब आहे. मी मात्र दोन तासांच्या प्रवासालाही रात्रभर थांबायला सांगते, आणि दिवसभर आडवा असेल तर २४ तास. तुमच्या फ्रिजच्या पुस्तिकेत काही वेगळं लिहिलं असेल तर ते माना.

पुढच्या वेळी उभाच आणा. वळणावर थोडा कलला तर बिघडत नाही. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, नाहीतर वाटेत पाणी गळतं. काचेचे कप्पे वेगळे गुंडाळा. दार दोरीने किंवा कापडी पट्ट्याने बांधा, चिकटपट्टीचा डाग आयुष्यभर राहतो. काही दिवस बंद राहणार असेल तर दार किंचित उघडं ठेवा, आत बुरशी येत नाही.

एक गोष्ट मात्र गंमत करण्यासारखी नाही. आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा गॅस असतो. प्रमाण थोडं, पण तो पेट घेतो. फ्रिज मागच्या नळ्यांना धरून कधीच ओढू नका. नळी दुमडली, फुसफुस आवाज आला, तर खिडक्या उघडा आणि फ्रिजचा प्लग लावू नका.

५५ इंची टीव्ही गादीवर पालथा ठेवून नेला तर चालेल ना? गादी मऊ असते.

नाही. या टीव्हीच्या पडद्यातली काच एक मिलिमीटरहूनही पातळ असू शकते. टीव्ही उभा असतो तेव्हा ती स्वतःचं वजन सहज पेलते. आडवा टाकला की मधला भाग लवतो आणि गाडीच्या प्रत्येक हादऱ्याला वर-खाली होतो. गादीने उलट अपाय होतो, ती नेमकी मधोमध दाब देते. फुटल्याचं बाहेरून कळतही नाही. घरी आल्यावर लावलात की पडद्यावर शाईसारखा डाग पसरलेला.

मूळ खोकं असेल तर उत्तम. नसेल तर पडद्याला आधी स्वच्छ मऊ कापड, त्यावर सपाट पुठ्ठा, मग बबल रॅप. बबल रॅप थेट पडद्यावर घट्ट आवळला तर फुग्यांचे ठिपके उमटू शकतात. दोघांनी धरायचा, खालून आणि कडांना; अंगठा पडद्यावर टेकू द्यायचा नाही. गाडीत सपाट कपाटाच्या बाजूला उभा, बांधून.

मुलाचा डेस्कटॉप आहे. त्यात घरच्या फोटोंची हार्ड डिस्क आणि एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. काय काढू, काय ठेवू?

फोटोंची प्रत काढा, आज. ती प्रत तुमच्या हातातल्या पिशवीतून जाऊ द्या. संगणकाबरोबर त्याच गाडीत ठेवलीत तर काढून उपयोग काय?

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. संगणक बंद केला की ते बाजूला जाऊन बसतं, म्हणून नुसता स्लीप मोडवर ठेवू नका, पूर्ण बंद करा. एसएसडी असेल तर ही भीती नाही, हलणारं काही तिच्यात नसतंच. जड ग्राफिक्स कार्ड मात्र काढाच. ते एका खाचेवर आडवं लटकलेलं असतं आणि हादऱ्याने ती खाचच मदरबोर्डवरून, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरून, सुटल्याची उदाहरणं माझ्या टेबलावर आली आहेत. कार्ड ज्या चंदेरी पिशवीतून येतं तीत घाला. थर्माकोलला थेट टेकवू नका. घासून तो स्थिर विद्युत धरतो. कार्ड काढायची भीती वाटत असेल तर पेटी मदरबोर्ड तळाशी येईल अशी आडवी न्या, म्हणजे कार्ड लटकत नाही. फ्रिजला उभं आणि संगणकाला आडवं सांगते म्हणून हसू नका, आत काय वाहतं आणि काय लटकतं एवढंच दोन्हींत बघायचं असतं.

एसी मी स्वतः काढू का? व्हिडिओ बघितले आहेत.

नको. तांब्याच्या नळ्या सोडण्याआधी सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडावा लागतो. चुकलात तर गॅस हवेत, आणि कधी बोटांवर. त्याने कातडी गोठते.

सामानाच्या आधी आम्ही विमानाने जाणार. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकू?

हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंतची साधारणपणे नेता येते. वॉट-अवरचा आकडा छापलेला नसेल तर एमएएच (पॉवर बँकेवर लिहिलेली क्षमता) गुणिले व्होल्ट भागिले १०००. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर भरते. तरी विमान कंपनीचे नियम वाचा. आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा, गळलेला सेल रिमोट खातो.

सामान रात्रभर थंडीत गाडीत होतं. सकाळी आलं की लगेच जोडायचं का?

उबदार खोलीत आलेल्या थंडगार यंत्रावर आतूनही दव धरतं, चष्म्यावर धरतं तसं. गुंडाळलेलंच राहू द्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. निदान काही तास. मुलं टीव्हीसाठी मागे लागतील. त्यांना खोकी उघडायला लावा.

ताई, एवढं सगळं काढायचं तर स्क्रू लक्षात कसे ठेवायचे?

सोडवण्याआधी प्रत्येक यंत्राच्या पाठीचा फोटो काढा, कुठली वायर कुठे ते दिसेल असा. स्क्रू लहान पिशवीत, पिशवीवर यंत्राचं नाव, आणि ती त्याच यंत्राच्या पाठीला चिकटवा, पडद्याला नाही. ‘सुरक्षित जागी’ ठेवू नका. माझ्या टीव्हीच्या स्टँडचे चार स्क्रू मी सुरक्षित जागी ठेवले होते. ते तीन वर्षांनी शिवणाच्या डब्यात सापडले, तोवर तो टीव्ही विकूनही झाला होता.