मूळ रंग ठेवावा की नवा द्यावा?

प्रश्न : १९६६ची फोर्ड मस्टँग अमेरिकेतून जर्मनीत न्यायची आहे. रंग कारखान्यातलाच, पण फिका पडलाय. अमेरिकेतच रंगवून घेऊ का?

उत्तर : मुळीच नको! नवा रंग केव्हाही देता येतो, कारखान्यातला परत मिळत नाही. गाडी नव्याहून चकचकीत करण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. जर्मनीत ऐतिहासिक ‘एच’ नंबरप्लेटसाठी ती किमान ३० वर्षांची आणि मूळ रूपातली लागते; वापराच्या खुणा चालतात, आरपार गंज नाही. जकातीतही गाडी ९७०५ या, म्हणजे ऐतिहासिक संग्राह्य वस्तूंच्या, शीर्षकात बसली तर आयात शुल्क शून्य, व्हॅट ७ टक्के. इंजिन आधुनिक बसवलेलं असेल तर ही सवलत हातची जाऊ शकते.

घेण्याआधी रंगाची जाडी मापकाने मोजा. १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर बहुधा मूळ थरच. ५००च्या पुढे गेली की खाली पुट्टी समजा. या मस्टँगचं खरं दुखणं काउलमध्ये, म्हणजे वायपरखालच्या जाळीच्या आतल्या पोकळ पत्र्यात, असतं. आतून गंजतो, बाहेरून दिसत नाही. जाळीतून पाणी ओता आणि पायाशी गळतंय का पाहा.

ब्रेकचे रबरी होज मात्र बदलाच. हेडलाइटही युरोपीय मान्यतेचे लागतील. काढलेले जपून ठेवा.