कॉन्करंट इंजिनिअरिंग सुरू करायचंय, आधी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

चाळीस माणसांच्या कारखान्यात कॉन्करंट इंजिनिअरिंग, म्हणजे डिझाइन, टूलिंग आणि उत्पादन एकत्र चालवायचं तर आधी कुठलं पीएलएम (उत्पादनाची सगळी माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आधी? कुठलंच नको.

कॅटिया हे डिझाइनचं सॉफ्टवेअर बोइंगकडेही होतं आणि एअरबसकडेही. बोइंगने ७७७ साठी २३८ डिझाइन-बिल्ड टीम केल्या. डिझायनर, टूलिंगवाला, खरेदीवाला, सप्लायर सगळे पहिल्यापासून एकत्र बसले आणि जून १९९४ मध्ये विमान उडालं. एअरबसच्या ए३८० च्या वेळी त्यांचं हॅम्बुर्ग कॅटिया व्ही४ वर, तुलूझ व्ही५ वर. एका विमानात जवळपास ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतले हार्नेस (वायरचे जुडगे) तुलूझला जोडायला घेतले तर आखूड पडले. पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला.

तुमच्याकडे विमान नाही, ॲल्युमिनियमचं डाय-कास्ट (डाय म्हणजे पोलादी साच्यात ओतलेलं) हाउसिंग असेल. दुखणं तेच.

डिझायनर डेटम (मापं जिथून धरायची तो संदर्भ) देतो मशिन केलेल्या फेसवर, कारण असेंब्लीत तोच टेकतो. चूक काही नाही. पण पहिल्या सेटअपला तो फेस असतोच कुठे? जॉब कच्च्या कास्टिंगवरच टेकवावा लागतो, आणि कुठे टेकवायचा हे ड्रॉइंगवर नसतं. मग फिक्स्चरवाला (जॉब पकडायची चौकट बनवणारा) आपल्या सोयीने पॅड लावतो: तीन खाली, दोन बाजूला, एक टोकाला. त्यातला एक नेमका पार्टिंग लाइनवर (डायचे दोन भाग मिळतात ती रेघ) येतो, जिथे कधी फ्लॅश (फटीतून बाहेर आलेला जादा धातू) असतो, कधी फाइल मारलेली असते. दुसरा डायच्या हलत्या भागात तयार झालेल्या पृष्ठभागावर, बाकीचे स्थिर भागातल्या. डायचा मिसमॅच (दोन भाग एकमेकांपासून सरकणं), फ्लॅश, कास्टिंगचा बाक मिळून ०.४ मिमी सहज जातात. मशिनिंग अलाउन्स (कापायला ठेवलेला जादा धातू) असतो ०.५. म्हणजे बोअरच्या (गोल भोकाच्या) एका बाजूला टूल जेमतेम ०.१ घेतं आणि कच्चे डाग राहतात. समोरच्या बाजूला ०.९ निघतात, वरची घट्ट साल जाते, आतली पोरॉसिटी (बारीक पोकळ्या) उघडी पडते आणि लीक टेस्टला बुडबुडे. क्वालिटीवाले फाउंड्रीला शिव्या घालतात. फाउंड्री सीएमएम (मापं घेणारं मशिन) रिपोर्ट पुढे करते आणि तो ओके असतो, कारण त्यांनी मोजायला तिसरेच पॉइंट धरलेले!

इलाज एका दुपारचा आहे. डाय डिझाइन सुरू व्हायच्या आधी चौघांनी (डिझाइन, डाय, मशिनिंग, क्वालिटी) बसून सहा पॉइंट ठरवायचे आणि कास्टिंग ड्रॉइंगवरच टाकायचे. सहाही डायच्या एकाच भागात, पार्टिंग लाइन, गेट (धातू आत शिरतो ती जागा) आणि इजेक्टर पिनच्या (कास्टिंग बाहेर ढकलणाऱ्या पिनच्या) खुणांपासून लांब. महत्त्वाच्या बोअरची कोअर पिन (भोक तयार करणारी पिन) जमल्यास त्याच भागात. फिक्स्चर आणि सीएमएम दोघांनी हेच पॉइंट धरायचे.

"ड्रॉइंग फ्रीझ झाल्याशिवाय टूलरूमला दाखवायचं नाही" म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. एच१३ चं (डायच्या स्टीलचं) हीट ट्रीटमेंट झाल्यावर "हा बॉस (उंचवटा) २ मिमी सरकवा" म्हणजे वेल्डिंग नाहीतर नवा इन्सर्ट (डायमध्ये बसवायचा तुकडा). अर्धवट ड्रॉइंग दाखवा, फक्त कुठलं माप पक्कं आणि कुठलं कच्चं ते लिहा. कच्च्या मापाला डायमध्ये स्टील जास्त ठेवायचं. स्टील नंतर कापता येतं, चिकटवता येत नाही.

हां, ड्रॉइंग कस्टमरचं असेल तर डेटम तुमच्या हातात नाही. पण कास्टिंग ड्रॉइंग बहुतेक वेळा तुमचंच असतं, तिथे मोकळे आहात. आणि चौघे बसले तरी शेवटचा शब्द एकाचाच हवा, नाहीतर मीटिंगच चालते, डाय होत नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर तोवर एक शेअर्ड फोल्डर आणि एकच बीओएम (भागांची यादी). रिव्हिजन नंबर नसलेली प्रिंट मशिनवर दिसली की तिथेच फाडायची.